मुहूर्ताचा नारळ

दिवाळीच्या फराळाला चार मराठी माणसे जमली की पहिल्या चकलीबरोबर महाराष्ट्राचा अभिमान बाहेर पडतो आणि दुसऱ्या चकलीबरोबर महाराष्ट्राची तक्रार. पहिली चकली खाताना शिवछत्रपती, ज्ञानोबा-तुकोबा, फुले, टिळक, आगरकर, कर्वे यांची नावे निघतात. दुसरी उचलेपर्यंत रस्त्यातले खड्डे, बंद पडणाऱ्या मराठी शाळा, परगावी जाणारी पोरे आणि कधी न संपणारी कामे यांची यादी सुरू होते. चहा येईतो एखादे गृहस्थ सुस्कारा टाकून म्हणतात, "आपल्या महाराष्ट्राचे काही खरे नाही!" तेवढ्यात पाहुण्यांपैकी कोणी परप्रांतीय सद्गृहस्थ सहज मान डोलावतात, आणि मग काय विचारता! तेच गृहस्थ ताडकन उसळून त्या बिचाऱ्याला महाराष्ट्राने देशाला काय काय दिले याचा हिशेब ऐकवू लागतात.

वाचकहो, यात हसण्यासारखे पुष्कळ असले तरी ढोंग मुळीच नाही. त्या गृहस्थांचा अभिमान खरा असतो आणि त्रागाही तितकाच खरा असतो. बंगाली मंडळी बंगालविषयी आणि मल्याळी मंडळी केरळविषयी अशीच बोलतात, हे मी ऐकले आहे. पण आपल्या तक्रारीचा एक खास मराठी साचा आहे. आपण काही करीतच नाही, असे आपण सहसा म्हणत नाही. आपण म्हणतो, "सुरुवात आपणच केली हो, पण पुढे..." हा जो 'पण पुढे' आहे ना, त्यातच सारे आले. मुहूर्ताचा नारळ फोडण्यात आपला हात धरणारा कोणी नाही. नारळ फोडून, खोबरे वाटून झाल्यावर मात्र मंडप कोणी आवरायचा, हे ठरता ठरत नाही.

मला हा विचार पुस्तकातून सुचलेला नाही. तो सुचला आमच्या गावामुळे. पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यात रिहे नावाचे आमचे गाव आहे. पुण्याहून चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट करीत घोटवडे फाट्याला वळायचे आणि आत शिरायचे. भोवती सह्याद्रीच्या सोंडा, मधे भाताची खाचरे, उन्हाळ्यात राब भाजल्याचा वास आणि आषाढात आवणीच्या चिखलात पोटऱ्यांपर्यंत बुडालेली माणसे, असे हे खोरे. गावाचे नाव इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात सापडायचे नाही. पण तालुक्याचे नाव सापडेल; आणि ते सापडते तेच एका नारळामुळे.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस टाटांच्या वीज कंपनीने मुळशीला मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ मोठे धरण बांधायचे ठरवले. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी होती. त्यासाठी मुळशी पेट्यातली सुमारे ५० गावे पाण्याखाली जाणार होती. सरकारने १८९४ चा भूसंपादनाचा कायदा पुढे केला. मावळे म्हणाले, जमीन सोडणार नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, शेकडो मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले आणि काम थांबले. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी केलेल्या संघटित सत्याग्रहांत जगातल्या अगदी पहिल्यांमध्ये त्याची गणना करतात. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, जे एकेकाळी विलायतेत बाँबची विद्या शिकून आले होते, ते इथे निःशस्त्र शेतकऱ्यांचे पुढारी झाले आणि मुळशीनेच त्यांना 'सेनापती' केले. 'जान किंवा जमीन' ही घोषणा त्या वेळची. बायका-मुलेसुद्धा तुरुंगात गेली.

आता 'पण पुढे' ऐका. पेट्यातल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या हातात होत्या. जमीन कसणाऱ्याला जमीन हवी होती, मालकाला मोबदला हवा होता. दोघांचे हित एक नव्हते, म्हणून एकजूट टिकली नाही. सत्याग्रह १९२४ च्या अखेरीपर्यंत या ना त्या रूपाने धुगधुगत राहिला. शेवटी बापटांनी कामगारांची गाडी अडवली आणि त्यांना सात वर्षांची सजा झाली. धरण पुरे झाले. १९२७ साली कोकणात भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. पूर्वेला वाहणारे पाणी घाटाखाली पश्चिमेला वळले आणि मुंबईचे दिवे लागले. ज्यांची खाचरे त्या दिव्यांसाठी बुडाली, त्यांच्या झोपड्यांत दिवा लागायला मात्र पुढे कित्येक दिवाळ्या जाव्या लागल्या. आमचे रिहे बुडाले नाही. पण माझी आजी लहान असताना तिच्या माहेरची माणसे कपाळावर गाठोडी घेऊन बाहेर पडली, हे ती सांगत असे. कुठे गेली, असे विचारले की म्हणे, "जिथं पाय नेतील तिथं." त्या वेळी पुनर्वसनाचा कायदाच नव्हता.

आता अभिमानाची बाजू सांगतो, कारण तीही माझ्या घरचीच आहे. माझे आजोबा कूळ होते. जमीन कसायची त्यांनी, खंड घ्यायचा मालकाने. १९४८ साली मुंबई राज्याने कुळवहिवाटीचा कायदा केला आणि पुढे त्यात दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जो कसत होता तो कायद्याने जमिनीचा खरेदीदार मानला गेला. मग न्यायाधिकरणाने किंमत ठरवायची, ती हप्त्याहप्त्याने भरायची आणि शेवटी प्रमाणपत्र घ्यायचे. आमच्याकडे त्या कलमाच्या आकड्यावरून 'बत्तीस-ग'ची जमीन असेच म्हणतात. आजोबांनी शेवटचा हप्ता भरला तेव्हा घरात पुरणपोळी झाली होती. ते प्रमाणपत्र पत्र्याच्या पेटीत देवाच्या तसबिरीबरोबर ठेवलेले मी पाहिले आहे. लेखी एक अक्षर न येणाऱ्या माणसाला एका राज्याने घरबसल्या मालक केले, ही लहानसहान गोष्ट आहे का? १९२१ साली मुळशीत जी गाठ सुटली नव्हती, कसणारा एक आणि मालक दुसरा, ती छत्तीस वर्षांनी कागदावर सुटली.

मुळशी आणि महाराष्ट्र यांना जोडणारा माणूसही एकच. नोव्हेंबर १९५५ मध्ये मुंबईत विधानसभेवर संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा गेला, तेव्हा पुढे होते तेच सेनापती बापट. वय वर्षे पंच्याहत्तर! त्याच महिन्यात फ्लोरा फाउंटनपाशी गोळ्या चालल्या. पुढे १०६ हुतात्म्यांच्या बलिदानानंतर १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य आले. एवढी किंमत मोजून मिळवलेल्या राज्याविषयी माणूस त्रयस्थपणे बोलूच शकत नाही. आपल्या कौतुकाला आणि रागाला जी धार आहे, ती तिथून आलेली आहे.

आणि या राज्याने नारळ तरी किती फोडावेत! १९७२ च्या दुष्काळात गावोगावी कामे काढावी लागली. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्या अनुभवातून रुजली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम देण्याची हमी कायद्याने देणारे हे पहिले राज्य. त्यासाठी पैसा कुठून आणला, ठाऊक आहे? शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून. तुमच्या पगारपत्रकावर 'व्यवसाय कर' म्हणून जे दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, तो कर १९७५ साली याच कामासाठी बसवण्यात आला. वर्षाचे २,५०० रुपये. आपण तो आकडा पाहून कपाळाला आठ्या घालतो. पण दादरच्या कारकुनाने बीडच्या मजुराच्या भाकरीसाठी दरमहा वर्गणी द्यावी, अशी व्यवस्था करणाऱ्या राज्याला शहाणेच म्हटले पाहिजे. देशाने तिची उचल केली ती २००५ साली.

पुनर्वसनाचेही तेच. प्रकल्पाने उठवलेल्या माणसांसाठी स्वतंत्र कायदा देशात सर्वांत आधी केला तो १९७६ साली महाराष्ट्राने. मुळशीच्या वेळी जे नव्हते, ते पंचावन्न वर्षांनी आले. माझी आजी त्या वेळी हयात असती तर तिला मी वाचून दाखवले असते. आणि आता 'पण पुढे'. कोयनेचे धरण १९६० च्या दशकात पुरे झाले. त्या धरणाच्या विजेवर राज्य उजळले. आणि त्या धरणग्रस्तांची तिसरी पिढी हक्काच्या जमिनीसाठी मोर्चे काढताना आपण पाहिली. कायदा पहिला, अंमल शेवटचा!

पुणेकरांना जवळचा दाखला हवा असेल तर बुधवार पेठेतला भिडे वाडा आठवा. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी तिथे मुलींची शाळा काढली. एवढ्या मोठ्या गोष्टीची जागा आपण पडक्या भिंतींच्या आणि कोर्टकज्ज्यांच्या स्वाधीन केली. २०२३ च्या डिसेंबरात तो मोडकळीला आलेला वाडा पाडला गेला, तेव्हा कुठे स्मारकाची वाट मोकळी झाली. मराठीला राजभाषा करणारा कायदा १९६४ चा, अभिजात भाषेचा मान मिळाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. पेढे वाटले गेले, मीही वाटले. पण पेढे वाटणाऱ्या आम्हा आजोबा मंडळींपैकी किती जणांची नातवंडे मराठी शाळेत जातात, हा प्रश्न मी त्या दिवशी आमच्या कट्ट्यावर विचारला, तेव्हा सगळ्यांना एकदम घरी जायची घाई झाली.

न्यायाने दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईला मराठी विश्वकोशाचे काम मांडले. पहिला खंड १९७६ साली आला आणि विसावा पुरा व्हायला २०१५ साल उजाडले. लोक चेष्टा करीत, की 'ज्ञ' येईपर्यंत 'अ' जुना होणार. चेष्टा करणारे गेले, तर्कतीर्थही गेले, पण काम पुरे झाले. आणि आज ते कोणालाही फुकट वाचता येते. म्हणजे मंडप आवरणारी माणसे आपल्यात मुळीच नाहीत, असे नाही. ती असतात, फक्त त्यांचा फोटो छापला जात नाही.

आता पुन्हा मुळशीकडे. याच तालुक्यात हिंजवडी आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस भाताच्या आणि उसाच्या शेतांत काचेचे इमले उभे राहिले आणि साऱ्या जगाची संगणकाची कामे तिथे येऊ लागली. अमेरिकेतल्या एखाद्या बँकेचा हिशेब आमच्या तालुक्यातली पोरे ठेवतात, हे ऐकून ऊर भरून येतो. पण त्या इमल्यांपर्यंत पोचायच्या रस्त्याचे नाव काढले की तोच ऊर खाली बसतो. गाव ग्रामपंचायतीचे, उद्योगांची जमीन एका महामंडळाची, आराखडा तिसऱ्याच प्राधिकरणाचा, शेजारी महापालिका. पाऊस मात्र सगळ्यांवर सारखा पडतो आणि पाणी तुंबले की ते कोणाच्या हद्दीतले, याची आधी चौकशी होते. माझा एक पुतण्या तिथे कंपनीची बस चालवतो आणि मुलगी तिथेच संगणकावर काम करते. दोघे एकाच कोंडीत अडकतात. एवढी समता आपण खरोखर आणली आहे!

या हिंजवडीचा हात आता डोंगर ओलांडून आमच्या खोऱ्यापर्यंत पोचला आहे. फाट्यापासून आत यायला लागलो की 'फार्महाऊस प्लॉट' अशा पाट्या भेटतात. जमीन एकरावर मोजण्याचा काळ गेला, ती गुंठ्यावर मोजतात. आणि 'बत्तीस-ग'ची जमीन विकायला पूर्वी परवानगी लागे; २०१४ च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असतील तर शेतसाऱ्याच्या चाळीसपट रक्कम भरली की झाले. शेतसारा किती, तर चहा-भज्यांइतका! आजोबांनी हप्त्याहप्त्याने मिळवलेली मालकी एवढ्यात मोकळी होते.

गेल्या पावसाळ्यात माझा थोरला चुलतभाऊ, त्याला आम्ही सारे दादा म्हणतो, पुण्याला आमच्याकडे आला. पिशवीत नेहमीप्रमाणे आंबेमोहोराचे तांदूळ होते. आणि तांदळाखाली एक कागद. आमच्या सामाईक दीड एकर खाचरासाठी गिऱ्हाईक आले होते. सातबाऱ्यावर माझे नाव आहे, तेव्हा माझी सही हवी. दादाचे वय बाहत्तर. त्याची दोन्ही मुले शेतात उतरत नाहीत. आवणीला माणूस मिळत नाही. मिळाला तर मजुरी आणि भाताचा भाव यांचा मेळ बसत नाही.

मी त्याला आजोबांचे प्रमाणपत्र आठवून दिले. मुळशीची गोष्ट सांगितली, 'जान किंवा जमीन' सांगितले. चांगले अर्धा तास बोललो. बत्तीस वर्षे मास्तरकी केलेली, थांबणार कशी? दादाने शांतपणे चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "आरं, म्हाराष्ट्राचा अभिमान तू ठेव की. खाचर आजपातूर मी ठिवलंय. पन माझ्या गुडघ्यांचं काय करायचं, ते सांग."

आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "भाऊजींना उत्तर द्या." त्यांना खाण्याचा डबा भरून देता येत होता, मला उत्तर देता येत नव्हते.

त्या एका वाक्यात माझ्या मते आपल्या साऱ्या अभिमानाचा हिशेब आहे. १९५७ च्या कायद्याने कसणाऱ्याला जमीन दिली. पण कसणे परवडावे, मुलांना शेतात उतरण्यात कमीपणा वाटू नये, म्हाताऱ्याच्या गुडघ्यांना विसावा मिळावा, हे दुसऱ्या दिवसाचे काम होते. ते काम सरकारचे होते, बाजाराचे होते आणि आम्हा शहरवासी वारसांचेही होते. तांदूळ घरी येतो म्हणून जमीन राखली जात नाही. वैताग यायचा तर तो दादाचा यावा. आपल्याला येतो तो बहुतेक वेळा चकलीबरोबरचा.

सही मी केली नाही. पण नुसती 'नाही' म्हणून दादाला परत पाठवले असते तर तो दुसरा नारळ फोडल्यासारखे झाले असते. आम्ही ठरवले ते असे: तीन वर्षे जमीन राखायची. आवणी आणि कापणीची मजुरी मी द्यायची. पॉवर टिलर भाड्याने आणायचा, चिखलणी त्याने करायची. थोडे क्षेत्र आंबेमोहोराला ठेवून बाकी इंद्रायणी लावायचा आणि गावात व्यापाऱ्याला न देता थेट आमच्या सोसायटीत विकायचा. हिशेब लिहायचे काम धाकट्या पुतण्याने मागून घेतले, याचे मला नवल वाटले. तीन वर्षांनीही बेरीज उण्यातच आली, तर मी दादाच्या शब्दाखातर सही करणार, आणि आजोबांचे नाव काढून त्याला अडवणार नाही. हे मी त्याला लिहून दिले आहे. यंदाचे पहिले पीक आता कापणीला आले आहे. आकडा शुभ निघेल की अशुभ, ते सांगता येत नाही.

महाराष्ट्राच्या एवढ्या मोठ्या प्रश्नापुढे दीड एकराची ही गोष्ट म्हणजे समुद्रात चिमूटभर मीठ, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे. पण अभिमान आणि वैताग यांच्या मधल्या जागेत माणसाला करण्यासारखे जे काही असते ते एवढ्याच मापाचे असते, असे मला आता वाटू लागले आहे. कोणाचे दीड एकर असेल, कोणाची घराशेजारची मराठी शाळा, कोणाच्या पेठेतला मोडका वाडा, कोणाच्या गल्लीतला खड्डा. ज्याने त्याने एकेक मंडप आवरायला घेतला तरी पुष्कळ झाले.

असो. दिवाळीच्या दिवसांत फार गंभीर बोलून वाचकांचा फराळ कडू करू नये. अभिमान खुशाल बाळगा, तक्रारही खुशाल करा. दोन्ही आपल्या घरच्याच आहेत. फक्त यंदा पगारपत्रकावर त्या २०० रुपयांचा आकडा दिसला की आठ्या घालू नका. तो महाराष्ट्राचा एक जुना आणि चांगला नारळ आहे. आणि हो, इंद्रायणी हवा असेल तर कळवा; दर आमचा पुतण्या सांगेल. दिवाळी सर्वांना सुखाची जावो!